निम्मी फियाट केदारखेड्याची

जालन्यात एखादी बाई चारचाकी चालवताना दिसली, की ती बेबीनंदाच्या हाताखालून गेलेली असणार, असं ती राहते त्या मस्तगड भागात धरूनच चालतात. वीसेक वर्षांपासून ती बायकांना गाडी शिकवते. समोर म्हैस आडवी आली, मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला, शिकणारीचे पाय लटपटायला लागले, तरी तिचा आवाज चढत नाही. "वाजवू दे त्याला. तू तुझी गाडी बघ," एवढंच ती शेजारी बसून म्हणते. शाळेतल्या बाया, नर्सबाया, सोनाराची सून, पोलिसातल्या दोघी, सगळ्या तिला मॅडम म्हणतात आणि शिकून झाल्यावरही रस्त्यात दिसली की काच खाली करून बोलतात.

या बाईनं आयुष्यभर कामाच्याच वस्तू घेतल्या. शिकवायच्या दोन गाड्या, त्याही पांढऱ्या, कारण पुढं विकायला पांढरी सोपी. साडी मळखाऊ रंगाची. घरात फुलदाणीसुद्धा नाही. त्यामुळं मागच्या दिवाळीनंतर तिनं जे केलं, ते पाहून मस्तगडातल्या लोकांना वाटलं, बाईला काहीतरी झालं.

झालं असं, की ती माहेरी वडीगोद्रीला गेली होती. परतताना हायवेवर टायर बसलं. पंक्चरवाल्याचं काम होईपर्यंत ती दुकानाच्या मागं सावलीला गेली, तर तिथं लिंबाखाली, दगडांवर टेकवलेली एक गाडी उभी. डुक्कर फियाट. साठ-बासष्ट सालातली. तोंड फुगीर, नाकाड पुढं आलेलं, म्हणून अख्ख्या महाराष्ट्रानं तिला हे नाव ठेवलेलं. पुढची दारं उलटी, बिजागरी मागं आणि कडी पुढं. रंग कधीकाळी निळा असावा. मागच्या सीटवर एक कोंबडी बसली होती, ती बेबीनंदाकडं बघून हललीसुद्धा नाही.

"परवा कापायची हाय मॅडम," पंक्चरवाला म्हणाला. "आमच्या वडलाची. भंगारवाल्याला सांगून ठिवलंय."

म्हणजे ती जालन्यालाच येणार होती. जालन्यात सळया बनतात आणि त्यासाठी देशभरातलं लोखंड इथल्या भट्ट्यांत येऊन वितळतं. बेबीनंदाला ते माहीत होतं. रोज एमआयडीसीच्या रस्त्यावर भंगाराचे ट्रक चुकवतच ती बायकांना शिकवायची.

तिनं दार उघडून बघितलं. आत बसली. दार ओढून घेतलं तर 'धप्प' असा जाड आवाज आला, लाकडी कपाट लावल्यासारखा. तिच्या पांढऱ्या गाड्यांची दारं पत्र्याच्या डब्यासारखी वाजायची. ती तशीच बसून राहिली. पंक्चर काढून झालं, दुकानातल्या पोरानं हाक मारली, तरी तिला उठावंसं वाटेना.

शेवटी उतरून तिनं भाव विचारला. भंगाराचाच भाव होता, जुन्या स्कुटीपेक्षा कमी. कागदपत्रं आहेत का, विचारलं. वडिलांच्या नावाचं आरसी पुस्तक पेटीत होतं. तिनं तिथंच व्यवहार केला.

घरी आल्यावर धम्मपालनं, तिच्या नवऱ्यानं, सगळं ऐकून घेतलं. तो हायस्कुलात गणित शिकवून नुकताच रिटायर झालेला, सरळ हिशेबी माणूस.

"चालणाऱ्या दोन दारात उभ्या हायेत," तो म्हणाला. "न चालणारी कशाला?"

"मला आवडली," बेबीनंदा म्हणाली.

धम्मपालनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. एवढ्या वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यानं तिच्या तोंडून कुठल्या वस्तूबद्दल ऐकलं नव्हतं. "मंग ठीक हाय," तो म्हणाला. "कोंबडी बी सोबत येऊन राह्यली का?"

गाडी टेम्पोत घालून मुनीरभाईच्या गॅरेजात आली. मुनीरभाई बेबीनंदाच्या दोन्ही गाड्या बघायचा. त्यानं बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि बराच वेळ काढलंच नाही.

"इंजिन बराबर हय, ताई. जाम न्हाई. तेल पाजलं तर सुटंल. पन बाकीचं..." त्यानं बोटांवर मोजायला सुरुवात केली. कार्बोरेटर गायब. पुढची जाळी गायब. एका दिव्याची कडी न्हाई. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गिअर. या गाडीला गिअरची दांडी स्टिअरिंगच्या खाली, डाव्या हाताला असते. मधल्या कुण्या कारागिरानं ती काढून टाकली होती, तळाच्या पत्र्याला भोक पाडलं होतं आणि कसल्यातरी टॅक्सीची दांडी खाली बसवली होती. ती वेल्डिंग करून जोडलेली, वाकडी, बघवत नव्हती.

"ऐसा करू," मुनीरभाई म्हणाला. "एक डिझेल इंजिन हय माझ्याकडं. त्ये टाकतो, खालचा गिअर तसाच ठिवतो. जल्दी काम हुईल, चार दिवसांत रोडवर."

"इंजिन बदललं तर आरटीओत नंबर जुळनार न्हाई," बेबीनंदा म्हणाली. पुस्तकातला इंजिन नंबर आणि गाडीवरचा नंबर एक नसला, तर गाडी परत नोंदवता येत नाही, हे तिला रोजच्या कामातून ठाऊक होतं.

"बरं, इंजिन ऱ्हाऊ द्या. गिअर तरी?"

"गिअर बी तिचाच पायजे."

"ताई, तिचा म्हंजे कुठला? साठ साल झाले."

"कुठं तरी आसंल की."

ही 'कुठं तरी'ची गोष्ट पुढं अख्खं वर्ष चालली. आधी तिनं सगळे शोधतात तसं मोबाइलवर शोधलं. मुंबईच्या एका विक्रेत्यानं 'शंभर टक्के ओरिजिनल' म्हणून कार्बोरेटर पाठवला. खोक्यातून निघाला तेव्हा नव्या भांड्यासारखा चकचकीत. मुनीरभाईनं तो हातात घेऊन फिरवला, वास घेतला आणि परत खोक्यात ठेवला. भोकं जुळत नव्हती. विक्रेत्याचा फोन त्यानंतर लागलाच नाही. बेबीनंदानं खोकं फळीवर टाकून दिलं. मग तिला सुचलं, आपण ज्यांना ओळखत नाही त्यांना विचारून राह्यलो आणि ज्यांना ओळखतो त्यांना विचारलंच न्हाई.

तिनं आपण शिकवलेल्या सगळ्या बायांना निरोप पाठवला. सोबत गाडीच्या तोंडाचा फोटो. कुणाच्या सासरी, माहेरी, वखारीत, गोठ्यात अशी गाडी किंवा तिचा तुकडा दिसला तर कळवा.

पहिल्या आठवड्यात नुसते हसणारे चेहरे आले. एकीनं आपल्या सासऱ्यांचा फोटो पाठवून लिहिलं, जुनं तर हेच हाय आमच्याकडं. मग एका दुपारी प्रीतीचा फोन आला. प्रीतीच्या सासरचा भंगाराचा धंदा, एमआयडीसीत मोठं आवार.

"मॅडम, तुमच्या फोटोतलं तोंड आलंय. गुजरातकडचा ट्रक हाय. जल्दी या, उतरवून राह्यलेत."

बेबीनंदा शिकणाऱ्या बाईला तशीच गाडीत घेऊन निघाली. आवारात पोचली तोवर अर्धा ट्रक रिकामा झाला होता. लोखंडी पंजाची क्रेन एका ढिगातून उचलून दुसऱ्या ढिगात टाकत होती आणि तिकडून दाबयंत्रात. फियाटचा सांगाडा आधीच दाबला गेला होता. पेटीएवढा ठोकळा झाला होता आणि त्यातून जाळीचे दात बाहेर आलेले दिसत होते, चपटे, एकमेकांत घुसलेले. ते बघून बेबीनंदानं तोंड फिरवलं. माणसाचं काही बघितल्यासारखं.

"इंजिनाकडचं सामान येगळं काढलंय," प्रीती म्हणाली. तिनं सासऱ्यांना सांगून हमालाला थांबवलं होतं. तेलकट ढिगाऱ्यात दोघी वाकल्या. प्रीतीच्या हातात पहिल्यांदा लागला तो कार्बोरेटर. काळा, माती भरलेला, एका बाजूला कान तुटलेला. बेबीनंदानं तो पदरात गुंडाळला. शिकायला आलेली बाई हे सगळं गाडीतून बघत होती. परतताना ती म्हणाली, "मॅडम, आजचा तास धरायचा का?"

"धरू नका," बेबीनंदा म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मोठ्यानं हसली.

मुनीरभाईनं कार्बोरेटर रॉकेलात भिजवला, कान जोडला, आणि आठ-दहा दिवसांनी इंजिन खोकलं. मग धरलं. गॅरेज निळ्या धुरानं भरलं. शेजारचा चहावाला धावत आला, काही पेटलं की काय बघायला. गाडी जागेवर थरथरत होती. पण चालायला गिअर हवा, आणि गिअर कुठंच मिळेना.

त्यात उन्हाळा गेला. धम्मपाल कधी कधी संध्याकाळी गॅरेजात येऊन स्टुलावर बसायचा आणि पेपर वाचायचा. "काय म्हणतंय डुक्कर?" एवढं विचारायचा. बेबीनंदाला ते बरं वाटायचं.

वंदना केदारखेड्याच्या शाळेत शिकवायची. तिला गाडी शिकायला सगळ्यात जास्त दिवस लागले होते, म्हणून बेबीनंदाला ती चांगली लक्षात होती. तिनं कळवलं, गावात बद्रीनाथ काका म्हणून आहेत, जुने शेतकरी, त्यांच्या वाड्यामागं गोठ्याशेजारी अशीच गाडी आहे. पण ते कुणाला हात लावू देत नाहीत.

बेबीनंदा रविवारी गेली. राजूर ओलांडून, पूर्णेच्या पुलावरून. बद्रीनाथ काका पंचाहत्तरीचे, उंच, डोक्याला पांढरा रुमाल. त्यांची बायको गोजरबाई चहा घेऊन आली. गाडीवर ताडपत्री होती. काकांनी ती स्वतः काढली, घडी करून बाजूला ठेवली. गाडीच्या पुढं जाळी होती, दिव्याच्या दोन्ही कड्या होत्या, आणि काचेतून आत बघितलं तर स्टिअरिंगखाली डाव्या हाताला ती दांडी. टोकाला पिवळट गोळा. बेबीनंदानं काचेला नाक लावलं.

"ही गावात आली तवा रस्ता न्हवता," काका म्हणाले. "बैलगाडीच्या चाकोरीतून चालवायचो. आडलेली बाई आसली की रातीबेराती मलाच हाक. हिच्यात टाकून जालन्याला न्यायचो. एक-दोन पोरं तर वाटंतच झाली. त्यातला एक आज सरपंच हाय." ते थांबले. "मी ही चालू करनार हाय. पैल्या पावसाच्या आधी करायची व्हती, डोळ्याचं निघालं."

"काका, मी खालून बघू का?" बेबीनंदानं विचारलं.

ते हो म्हणाले. ती पदर खोचून टॉर्च घेऊन खाली सरकली. बाहेर आली तेव्हा तिच्या केसांत गंजाचा चुरा होता. खरं सांगावं की नाही, तिला क्षणभर कळेना. पण ती शिकवणारी बाई. गाडी चालवता येत नसेल तर येतं म्हणून सांगायची तिला सवय नव्हती.

"काका, सांगाडा खाल्लाय सगळा. हातानं दाबला तर तुटतो. इंजिन चालू झालं तरी हिचं वजन हिलाच पेलनार न्हाई."

बद्रीनाथ काकांचा चेहरा बदलला. "तुमी पार्ट न्यायला आल्ता ना? मंग खराबच सांगनार."

"आल्ते, काका. खोटं न्हाई बोलत. पन पार्ट नसते पायजे तरी हेच सांगितलं आसतं."

"माझ्या गाडीचं मयत करायला कुनी बोलवलं न्हाई," ते म्हणाले, आणि ताडपत्री ओढायला लागले. वाऱ्यानं ती उलटत होती. बेबीनंदानं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून ती बांधली. गोजरबाई दारापर्यंत पोचवायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "राग मानू नका बाई. त्यांला बी म्हाईत हाय. कुनी म्हणलं नव्हतं आजवर, एवढंच."

परतताना तिला वाईट वाटलं ते दांडीचं नाही. त्या ताडपत्रीच्या घडीचं वाटलं.

ती परत गेली नाही. फोनही केला नाही. मुनीरभाईनं पुन्हा खालच्या गिअरचा विषय काढला, तेव्हा ती प्रथमच "बघू" म्हणाली. मुनीरभाईला ते 'हो'सारखं वाटलं आणि तो पत्रा मोजायला लागला.

दोन-तीन आठवड्यांनी दुपारी गॅरेजासमोर रिक्षा थांबली. आतून बद्रीनाथ काका उतरले, डोळ्यांवर काळा चष्मा, मागं गोजरबाई. जालन्याला डोळे तपासायला आले होते. वंदनानं पत्ता दिला होता. "बघू म्हणलं, तुमची कशी हाय," ते म्हणाले, जसं काही रस्त्यातच लागलं.

ते गाडीभोवती फिरले. वाकून खालून बघितलं, गुडघे दुखत होते तरी. सांगाड्यावर बोटानं टकटक केली. मग उलटं दार सवयीनं बरोबर उघडलं आणि आत बसले. स्टिअरिंगवर हात ठेवले. डाव्या पायानं क्लच दाबला, आणि त्यांचा डावा हात आपोआप स्टिअरिंगखाली गेला. तिथं काही नव्हतं. हात हवेतच राहिला. मुठीत काही धरल्यासारखा.

मुनीरभाईनं हातोडी खाली ठेवली.

"हितं दांडी न्हाई," काका म्हणाले.

"न्हाई काका," बेबीनंदा म्हणाली.

ते उतरले, चहा प्याले, पिकापाण्याचं, डोळ्याच्या डॉक्टरचं बोलले आणि निघून गेले. गाडीबद्दल एक शब्द नाही.

पुढच्या सोमवारी ते पुन्हा आले. या वेळी एसटीनं, आणि कंडक्टरशी भांडून, कारण सोबत दोन गोण्या होत्या. एकीत जाळी आणि दिव्याच्या कड्या, जुन्या लुगड्यात गुंडाळलेल्या. दुसरीत गिअरची दांडी, तिच्या सळया, खालचा सगळा जोड. गावातल्या वेल्डरला बसवून त्यांनी एकेक नट स्वतःच्या देखरेखीखाली काढून घेतला होता.

"किती द्यायचे काका?" बेबीनंदानं विचारलं.

"इकायला आनलं न्हाई." ते स्टुलावर बसले. रुमालानं मान पुसली. "आमची म्हातारी म्हणली, आवं, सगळी न्हाई तर निम्मी तरी चालू द्या. मी इचार केला, खरं हाय. ताडपत्रीखाली अख्खी ठिवून काय करू राह्यलो मी? तुमच्यात निम्मी चालली तरी चालली म्हणायची."

बेबीनंदानं दुसरी गोणी सोडली. तिनं दांडीचा पिवळट गोळा तळहातानं पुसला. अंगठा लागायचा तिथं तो झिजून खोलगट झाला होता.

बसवायला मुनीरभाईला बरेच दिवस लागले. तळाचं भोक पत्रा लावून बुजवलं. पहिल्यांदा गाडी चालवायची वेळ आली, तेव्हा बेबीनंदानं पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी सरळ मागं गेली. पाण्याचा ड्रम आडवा झाला, मुनीरभाईचा जेवणाचा डबा वाहून गेला. सळया उलट-सुलट लागल्या होत्या. मुनीरभाई खाली बसून अल्लाचं नाव घेत होता आणि धम्मपाल, पेपर भिजलेला, स्टुलावर उभा राहून हसत होता. नवऱ्याला असं हसताना तिनं फार दिवसांनी बघितलं.

सळया बदलल्या. आरटीओत तपासणी झाली, इंजिनाचा आणि सांगाड्याचा असे दोन्ही नंबर पुस्तकाशी जुळले, एक-दोन हेलपाटे पडले, पण गाडी तिच्या नावावर झाली. रंग तिनं निळाच दिला. पहिल्या लांबच्या फेरीला कुठं जायचं, हे कुणाला विचारावं लागलं नाही.

केदारखेड्याला बेबीनंदा आणि धम्मपालनं गाडी वाड्यासमोर उभी केली तेव्हा आधी पोरं जमली, मग बाया, मग सरपंच. बद्रीनाथ काका बाहेर आले. जाळीसमोर उभे राहिले. आपल्याच माणसाला दुसऱ्याच्या लग्नात बघितल्यासारखं त्यांनी तिच्याकडं बघितलं.

"बसा काका," बेबीनंदा म्हणाली आणि चालकाचं दार उघडून स्वतः पलीकडं गेली.

"मी? डोळे..."

"रस्त्यावर न्हाई. तुमच्या शेतातल्या वाटंनं. मी हाय शेजारी."

गोजरबाई कुणी म्हणायच्या आत मागं बसल्या होत्या. धम्मपाल त्यांच्या शेजारी. तुरीच्या शेताकडं जाणारी गाडीवाट सरळ होती, दोन्हीकडं गवत. काकांनी दांडी हातात घेतली, क्लच दाबला, पहिला टाकला. गाडीनं एक हिसका दिला आणि बंद पडली. त्यांचे कान लाल झाले. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद.

"घाई न्हाई," बेबीनंदा म्हणाली. "क्लच हळू सोडा. पायाला आठवंल त्ये."

तिसऱ्यांदा पायाला आठवलं. गाडी निघाली. दुसरा पडला, जरा करकरला, पण पडला. शिकवायच्या गाडीत तिच्या बाजूला वेगळा ब्रेक असतो. इथं नव्हता. वळण आलं की तिचा पाय आपोआप रिकाम्या तळावर दाबला जायचा आणि ती स्वतःवरच हसायची. बांधावरून एक कुत्रं धावत सोबत आलं, थोडं पुढं येऊन थांबलं.

"आवं, तिसरा टाका की," मागून गोजरबाई म्हणाल्या. "बैलगाडीत बसल्यावानी वाटू राह्यलंय."

काकांनी मान वळवली नाही. डोळे वाटेवर. दांडी वर ढकलली, तिसरा पडला, आणि गाडीचा आवाज खाली बसला.